शेजाऱ्याला काय सांगायचं, काय नाही

शंका-समाधान

गेल्या अंकातल्या बीजीपीवरच्या टिपणानंतर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतली आहेत, आणि लिहिणारेही बहुतेक तालुक्याच्या गावी केबल-ब्रॉडबँडचा व्यवसाय करणारे. मोठ्या कंपनीकडून लाइन आणि तिचेच आयपी पत्ते घेऊन गावात इंटरनेट देणं वेगळं. आयआरआयएनएनकडून, म्हणजे देशात इंटरनेट पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून, स्वतःचा एएस नंबर (जाळ्याचा ओळख क्रमांक) आणि स्वतःचे पत्ते घेऊन बीजीपीवर, म्हणजे शेजारच्या जाळ्यांना मार्ग सांगण्याच्या भाषेवर, उभं राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुमचा राउटर जगाशी बोलू लागतो आणि तो जे बोलेल ते जग बऱ्याचदा तपासल्याशिवाय खरं मानतं. म्हणून पहिल्या पत्राला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे. उदाहरणांत वापरलेले पत्ते राखीव आहेत, ते तसेच राउटरवर टाकू नका.

प्रश्न : औशात आमचं ब्रॉडबँड आहे, साधारण बाराशे कनेक्शन. नुकताच स्वतःचा एएस नंबर आणि एक /२४ मिळाला. लातूरहून दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या आणि दोन्हीकडे बीजीपी लावलं. सेशन लगेच वर आलं, दोघांकडून फुल टेबल आलं. पण त्याच रात्री दोन्ही लाइनी तुडुंब भरल्या. ग्राहकांचा वापर तर नेहमीइतकाच होता. एका कंपनीच्या एनओसीतून (नियंत्रण कक्षातून) फोन आला, "तुम्ही रूट लीक करताय," आणि त्यांनी आमचं सेशन बंद केलं. आम्ही कुठलाच फिल्टर लावला नव्हता, मग चुकलं काय? (एक व्यावसायिक, औसा)

उत्तर : फिल्टर लावला नव्हता, हेच चुकलं.

बीजीपीचा मूळ स्वभाव असा आहे की एका बाहेरच्या शेजाऱ्याकडून कळलेला सर्वांत चांगला मार्ग तो बाकीच्या सगळ्या शेजाऱ्यांना सांगतो. तुम्ही अडवलं नाही तर सांगतोच. पहिल्या कंपनीने तुम्हाला जगाचे मार्ग दिले, आयपीव्ही४ चे आज ते दहा लाखांच्या घरात आहेत. तुमच्या राउटरने ते उचलून दुसऱ्या कंपनीला सांगितले : गूगलकडे जायचंय? माझ्याकडून जा. बँकेकडे जायचंय? माझ्याकडून जा. दुसऱ्या कंपनीकडून आलेल्या मार्गांचंही असंच झालं, ते पहिलीकडे गेले.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या मोठ्या कंपनीकडे गूगलला जायचे चांगले मार्ग असताना ती औशाच्या राउटरचं का ऐकेल? कारण तुम्ही तिचे ग्राहक आहात. ट्रान्झिट, म्हणजे उरलेल्या जगापर्यंतची वाट, विकणारी जवळजवळ प्रत्येक कंपनी ग्राहकाकडून आलेल्या मार्गाला सर्वांत वरचा लोकल प्रेफरन्स (पसंतीचा आकडा) देते, त्या खालोखाल पिअरिंगच्या, म्हणजे बरोबरीच्या जाळ्यांशी थेट देवाणघेवाणीच्या, मार्गांना आणि शेवटी स्वतः पैसे मोजून घेतलेल्या मार्गांना. ग्राहकाकडे जाणाऱ्या वाहतुकीचे पैसे मिळतात, इतर वाहतुकीचे मिळत नाहीत किंवा द्यावे लागतात. हा हिशेब त्यांच्या राउटरमध्ये लिहिलेला असतो. त्यामुळे तुमच्याकडून आलेला मार्ग लांबचा असला तरी तो जिंकतो. रत्नागिरी-नागपूर महामार्गावरची सगळी वाहतूक औशाजवळ एखाद्या शिवाररस्त्याला वळवावी, तसं त्या रात्री तुमच्या लाइनींचं झालं. एका लाइनीने लोंढा आत आला, दुसरीने बाहेर गेला, आणि त्यात तुमच्या ग्राहकांचं काहीच नव्हतं.

हे फक्त लहान व्यावसायिकांकडून होतं असं समजू नका. १२ मार्च २०१५ रोजी दुपारी अडीचच्या सुमारास मुंबईच्या हॅथवेच्या जाळ्यातून नेमकं हेच झालं. हॅथवेचं गूगलशी थेट पिअरिंग होतं. तिथून मिळालेले गूगलचे तीनशेहून जास्त प्रीफिक्स (पत्त्यांचे पट्टे) हॅथवेने आपल्या ट्रान्झिट कंपनीला, म्हणजे भारती एअरटेलला सांगितले. एअरटेलने ते ग्राहकाचे मार्ग म्हणून स्वीकारले आणि पुढे जगभरच्या मोठ्या जाळ्यांना दिले. दूरदेशांतून गूगलकडे निघालेली वाहतूक भारताकडे वळली. प्रकार थोडाच वेळ चालला, पण जगाने त्याची नोंद घेतली. यात दोन ठिकाणी एकेक फिल्टर कमी पडला : सांगणाऱ्याचा बाहेर जाणारा, आणि ऐकणाऱ्याचा आत येणारा. यांपैकी एक जरी जागेवर असता तरी गोष्ट मुंबईबाहेर गेली नसती. तुमच्या बाबतीतही तेच आहे. तुम्ही लीक केली हे खरं, पण ज्यांनी फोन केला त्यांनीही तुमच्या सेशनवर 'या ग्राहकाकडून फक्त हा एक /२४ घ्यायचा' असं लिहायला हवं होतं. नव्या ग्राहकाच्या सेशनला प्रीफिक्सची कमाल मर्यादा लावली असती, समजा दहा, तर अकराव्या प्रीफिक्सलाच सेशन आपोआप पडलं असतं. पुढच्या वेळी बोलाल तेव्हा त्यांना हे दोन्ही लावायला सांगा. ग्राहक म्हणून तो तुमचा हक्क आहे.

आता तुमच्या बाजूचं काम. बीजीपी लावण्याआधी, सेशन बंद असतानाच, दोन्ही शेजाऱ्यांसाठी बाहेर जाणारा फिल्टर लिहा. त्यात एकच परवानगी असेल : तुमचा स्वतःचा /२४, नेमक्या त्याच लांबीचा. त्याखाली स्पष्ट शब्दांत 'बाकी सगळं नाकारा'. एवढं झाल्याशिवाय सेशन वर आणू नका. हा क्रम मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण बहुतेक लीक या क्रमाच्या उलट गेल्याने होतात : आधी सेशन, मग "चालतंय ना" म्हणून समाधान, आणि फिल्टर नंतर कधीतरी. जुलै २०१७ मध्ये आलेल्या आरएफसी ८२१२ ने हाच नियम मानकात घातला : बाहेरच्या शेजाऱ्यासाठी पॉलिसी लिहिलेली नसेल तर काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही. सिस्कोच्या आयओएस-एक्सआरमध्ये हे वागणं आहे, एफआरआरच्या नव्या आवृत्त्यांमध्येही आहे. पण जुनं सिस्को आयओएस, ज्युनिपर आणि मायक्रोटिक अजूनही न सांगता सगळं देतात. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी दिसतो तो बहुतेक मायक्रोटिक, म्हणून ही जबाबदारी उपकरणावर सोडता येत नाही.

आत येणाऱ्या फिल्टरमध्ये नाकारायचं ते असं : तुमचाच स्वतःचा प्रीफिक्स (तो बाहेरून परत येण्याचं काही कारण नाही), १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे खासगी पत्ते, कॅरिअर-ग्रेड नॅटसाठी राखलेला १००.६४.०.०/१०, १२७ आणि १६९.२५४ चे पट्टे, २२४ पासून वरचं सगळं, आणि /२४ पेक्षा लांब कुठलाही प्रीफिक्स. नॅटसाठी तुम्ही १००.६४ वापरत असाल तर ही ओळ चुकवू नका. कुणी बाहेरून तो पट्टा सांगितला तर तुमच्याच ग्राहकांकडे जाणारी वाहतूक बाहेर पळेल.

आणि फुल टेबलचं. माझं स्पष्ट मत आहे की बाराशे कनेक्शनच्या जाळ्याला दोन्हीकडून फुल टेबल लागत नाही. दोघांकडून डिफॉल्ट रूट घ्या, आणि एकीकडून तिच्या स्वतःच्या ग्राहकांचे मार्ग तेवढे घ्या. राउटरवरचा ताण कमी होईल आणि जे तुमच्याकडे नाहीच ते चुकून बाहेर जाणारही नाही.

प्रश्न : मी नांदेडला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जीएनएस-थ्रीवर दोन आयएसपींची प्रयोगशाळा उभी केली. पहिल्या लाइनीच्या मार्गांना लोकल प्रेफरन्स २०० दिला, म्हणजे वाहतूक तिकडूनच यायला हवी. पण पाठवलेली तिकडून जाते आणि येणारी दुसऱ्या लाइनीने येते. पॉलिसीत चूक आहे का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : पॉलिसी बरोबर आहे, अपेक्षा चुकली. मार्गाची बातमी ज्या दिशेने येते, वाहतूक तिच्या उलट दिशेने जाते. शेजाऱ्याने तुम्हाला काय सांगितलं यावर तुम्ही पाठवलेली वाहतूक कुठून जाईल ते ठरतं. तुम्ही शेजाऱ्यांना काय सांगितलं यावर तुमच्याकडे येणारी वाहतूक ठरते. लोकल प्रेफरन्स तर तुमच्या स्वतःच्या एएसच्या बाहेर जातच नाही. मूळ किंमत १००, तुम्ही २०० केली, ती तुमच्या राउटरांनी मानली, म्हणून जाणारी वाहतूक वळली. शेजाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही.

येणारी वळवायची तर बाहेर जाणाऱ्या पॉलिसीत हात घालावा लागतो. पहिलं साधन प्रीपेंड : नको असलेल्या लाइनीवर तुमचा एएस नंबर दोन-तीनदा जास्त लिहायचा, म्हणजे तो मार्ग लांब दिसतो. पण प्रीपेंडची ताकद मर्यादित आहे. वरच्या पत्रात सांगितलं तसं, मोठी कंपनी ग्राहकाच्या मार्गाला आधीच वरचा लोकल प्रेफरन्स देते, आणि पाथची लांबी त्यानंतर पाहिली जाते. म्हणजे त्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातली वाहतूक तुम्ही दहा वेळा प्रीपेंड केलं तरी त्याच लाइनीने येईल. तिथे चालतात त्या कम्युनिटी. १९९६ च्या आरएफसी १९९७ पासून बीजीपीत ही सोय आहे. तुम्ही मार्गाला एक आकडा चिकटवता आणि कंपनी तो वाचून आपल्याकडचा प्रेफरन्स खाली आणते. कोणता आकडा कशासाठी, याची यादी कंपनी देते. न दिली तर मागा. तिसरं साधन म्हणजे पत्त्यांचा लहान तुकडा जाहीर करणं. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

प्रयोगशाळेत हे समजून घेताय, फार चांगलं करताय. घरगुती ब्रॉडबँडमध्ये बहुतेक वाहतूक येणारी असते. त्यामुळे खऱ्या जाळ्यावर तुमचा जास्त वेळ बाहेर जाणाऱ्या पॉलिसीवरच जाईल.

प्रश्न : आमच्याकडे /२२ आहे. दोन लाइनींवर भार विभागायचा म्हणून त्यातले दोन-दोन /२४ वेगवेगळीकडे जाहीर करायचे आहेत. प्रीफिक्स लिस्टमध्ये /२२ ला परवानगी आहे, पण /२४ बाहेर पडत नाहीत. मित्राच्या सांगण्यावरून 'एलई ३२' लावलं तर सगळंच बाहेर गेलं. योग्य काय? (उदगीर)

उत्तर : प्रीफिक्स लिस्टमध्ये नुसतं १९८.१८.०.०/२२ लिहिलं की तो एकच /२२ जुळतो, त्याच्या पोटातलं काही नाही. 'एलई २४' जोडलं की /२२, /२३ आणि /२४ जुळतात. 'एलई ३२' जोडलं की पोटातला प्रत्येक तुकडा जुळतो, अगदी एखाद्या ग्राहकाला दिलेला एकच स्थिर पत्तासुद्धा. म्हणून मित्राचा सल्ला ताबडतोब काढा.

मी 'एलई २४' सुद्धा टाळतो. सरळ सहा ओळी लिहा. पहिल्या लाइनीच्या लिस्टमध्ये /२२ आणि दोन /२४, दुसरीच्या लिस्टमध्ये तोच /२२ आणि उरलेले दोन /२४. दोन वर्षांनी मध्यरात्री कुणाला हे वाचावं लागलं तर कोणता तुकडा कुठे जातो हे त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. /२२ दोन्हीकडे ठेवायचं कारण असं : जगात नेहमी लांब, म्हणजे जास्त नेमका, प्रीफिक्स जिंकतो, म्हणून /२४ असेपर्यंत वाहतूक त्यांच्याप्रमाणे विभागली जाईल. एक लाइन पडली की तिचे /२४ नाहीसे होतील आणि ती वाहतूक दुसरीकडच्या /२२ वरून येईल. ग्राहकाला कळणारही नाही.

लांब प्रीफिक्स जिंकतो, हे साधं वाक्य किती महाग पडू शकतं ते २४ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. पाकिस्तान टेलिकॉमला देशात यूट्यूब बंद करायचं होतं. यूट्यूबचा २०८.६५.१५२.०/२२ होता. त्यांनी त्यातल्या २०८.६५.१५३.०/२४ चा मार्ग आपल्याकडे वळवला. तो देशात राहायला हवा होता, पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या त्यांच्या वरच्या कंपनीकडे गेला, आणि तिथे ग्राहकाचा फिल्टर नव्हता. /२४ हा /२२ पेक्षा लांब, म्हणून जगभरची यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे निघाली. यूट्यूबने आधी तोच /२४ आणि नंतर आणखी लहान दोन /२५ जाहीर करून ओढाताण केली, शेवटी पीसीसीडब्ल्यूने तो मार्ग काढला. सव्वादोन तास गेले.

याच विषयातल्या आणखी दोन गोष्टी, कारण त्या सारख्या पाहतो. '०.०.०.०/० ला परवानगी' याचा अर्थ 'सगळ्याला परवानगी' असा नाही. तो फक्त डिफॉल्ट रूटला जुळतो. सगळं हवं असेल तर 'एलई ३२' लागतं. दुसरी जास्त धोक्याची : सिस्को आयओएसमध्ये शेजाऱ्याला लावलेल्या लिस्टचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, आणि त्या नावाची लिस्टच नसेल, तर सगळे मार्ग मोकळे सुटतात. कसलीही तक्रार येत नाही. नाव टाकल्यावर शेजाऱ्याला प्रत्यक्ष काय चाललंय ते दाखवणारी आज्ञा देऊन मोजा. तुम्ही जेवढे जाहीर करता, आकडा तेवढाच हवा.

फिल्टरच्या शेवटी काय होतं, यातही उपकरणागणिक फरक आहे. सिस्कोच्या रूट मॅपच्या शेवटी न लिहिलेला नकार असतो. ज्युनिपरमध्ये बीजीपीच्या पॉलिसीच्या शेवटी न लिहिलेला होकार असतो. मायक्रोटिकच्या राउटरओएस ६ मध्ये साखळीत न जुळलेला मार्ग स्वीकारला जाई, ७ मध्ये नाकारला जातो, आणि लिहिण्याची पद्धतही बदलली. एका कंपनीचं उपकरण काढून दुसऱ्या कंपनीचं बसवताना किंवा आवृत्ती बदलताना जुना फिल्टर ओळीला ओळ उतरवला तर अर्थ उलटा होऊ शकतो. म्हणून शेवटची नकाराची ओळ नेहमी स्वतःच्या हाताने लिहा, उपकरण ती मनाने घालत असलं तरी.

प्रश्न : फायरवॉलमध्ये एक पट्टा ब्लॉक केला, तरी रूटिंग टेबलमध्ये त्याचा मार्ग दिसतोच. फायरवॉल चालत नाही का? (किनवट)

उत्तर : चालते. फायरवॉल जाणारी-येणारी पाकिटं अडवते, रूट फिल्टर मार्गाची बातमी अडवतो. दोन्ही वेगळ्या जागी बसतात आणि दोन्ही लागतात. याच संदर्भात एक काम नक्की करा : तुमच्या ग्राहकांकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर पाठवणारा पत्ता तुमच्याच पट्ट्यातला आहे ना, हे फायरवॉलमध्ये तपासा, नसेल तर टाकून द्या. मे २००० च्या आरएफसी २८२७ पासून हा सल्ला आहे. खोट्या पत्त्याने होणारे हल्ले तिथेच थांबतात.

प्रश्न : फिल्टर बदलताना राउटरच हातातून गेला. दुरुस्त करायला रात्री गाडी काढून लातूर गाठावं लागलं. काही उपाय? (अहमदपूर)

उत्तर : आहे, आणि तो तुमच्या उपकरणातच आहे. मायक्रोटिकमध्ये सेफ मोड चालू करून काम करा. संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे जातात. ज्युनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' द्या. दहा मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही तर तो जुन्या स्थितीवर येतो. सिस्को आयओएसमध्ये सुरुवातीला 'रीलोड इन १०' लावा, आणि काम नीट झालं की ते रद्द करा. मात्र तोवर कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं नाही, नाहीतर राउटर चुकीसकट उठेल. आणि जिथे शक्य असेल तिथे राउटरच्या कन्सोलला मोबाइल सिमवरची वेगळी वाट ठेवा, जी तुमच्या स्वतःच्या इंटरनेटवर अवलंबून नसेल.

फिल्टर बदलला आणि फरक दिसला नाही, असं झालं तर घाबरून सेशन पाडू नका. आधी आलेले मार्ग नव्या फिल्टरमधून जाण्यासाठी काही उपकरणांवर रूट रिफ्रेश मागावा लागतो. ते सेशन चालू असतानाच होतं.

प्रश्न : ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक, व्हॉट्सअॅप सहा तास बंद होतं. तेही लीकच होतं का? आमच्या शाळेतली मुलं विचारतात. (एक शिक्षक, किल्लारी)

उत्तर : नाही, ते उलट टोक होतं. लीकमध्ये नको ते सांगितलं जातं. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर फेसबुकने जगाला स्वतःबद्दल सांगणंच थांबवलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या स्वतःच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणीत दोष होता, म्हणून ती अडली नाही. फेसबुकच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरांना एक पॉलिसी दिलेली होती : डेटा सेंटरशी संपर्क नसेल तर आपला मार्ग जाहीर करणं थांबवा. एका ठिकाणचा सर्व्हर बिघडला तर लोकांनी दुसरीकडे जावं, हा त्यामागचा चांगला हेतू. पण त्या रात्री सगळ्यांचाच संपर्क एकदम तुटला, म्हणून सगळ्यांनी एकदम माघार घेतली आणि फेसबुकचं नावच जगातून गेलं. दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि तिथली कडक सुरक्षा ओलांडून आत शिरायलाही वेळ गेला. मुलांना सांगा की कुणी चोरलं नव्हतं, कुणी हल्ला केला नव्हता. 'सगळेच एकदम पडले तर काय' हा प्रश्न त्या पॉलिसीत सुटला नव्हता.

प्रश्न : आरपीकेआयमध्ये आरओए तयार करा असं सारखं सांगितलं जातं. नाही केला तर आमचं काय अडतं? (निलंगा)

उत्तर : आज काही अडणार नाही, पण ज्या दिवशी दुसरा कुणी तुमचे पत्ते आपले म्हणून जाहीर करेल, त्या दिवशी तुमच्याकडे पुरावा नसेल. आरओए म्हणजे 'हा प्रीफिक्स हाच एएस जाहीर करू शकतो' असं सहीनिशी लिहिलेलं विधान. भारतात ते आयआरआयएनएनमार्फत करता येतं. जगातली बरीच मोठी जाळी येणारा मार्ग त्याच्याशी ताडून पाहतात आणि न जुळणारा टाकून देतात. मे २०२४ च्या सुरुवातीला आयपीव्ही४ च्या निम्म्या मार्गांना आरओएचं संरक्षण मिळाल्याचं अमेरिकेच्या एनआयएसटीच्या मोजणीत दिसलं.

१६ एप्रिल २०२१ ला संध्याकाळी व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० ने तीस हजारांहून जास्त परके प्रीफिक्स स्वतःचे म्हणून जाहीर केले. ज्यांचे आरओए होते त्यांच्या बाबतीत तपासणी करणाऱ्या जाळ्यांनी ती खोटी बातमी टाकून दिली. ज्यांचे नव्हते त्यांच्याकडे ही ढाल नव्हती.

पण आरओएकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. तो फक्त मूळ मालक तपासतो. औशाच्या पहिल्या पत्रातली लीक किंवा २०१५ ची हॅथवेची लीक आरओएने पकडली नसती, कारण तिथे गूगलचे पत्ते गूगलचेच म्हणून सांगितले गेले होते, फक्त चुकीच्या वाटेने. त्यासाठी तुमचा बाहेर जाणारा फिल्टरच लागतो. २०२२ च्या आरएफसी ९२३४ ने दोन शेजाऱ्यांत कोण ग्राहक, कोण पुरवठादार हे सेशनमध्येच लिहायची सोय आणली आहे. उपकरणात ती असेल तर जरूर वापरा, फिल्टरला जोड म्हणून.

आरओए करताना कमाल लांबी तुम्ही खरोखर जाहीर करता तेवढीच ठेवा. /२२ जाहीर करत असाल तर /२२. उदगीरच्या वाचकाप्रमाणे /२४ सुद्धा जाहीर करणार असाल तर त्यांचे आरओए आधी, जाहीर करणं नंतर. हा क्रम चुकला तर तुमचेच /२४ जग खोटे ठरवून टाकून देईल.

प्रश्न : दोन कंपन्यांच्या लाइनी, बीजीपी, फिल्टर सगळं नीट आहे. तरी रस्त्याच्या कामात जेसीबी लागला की नेट बंद. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी आणि पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला लोक दुकानासमोर उभे राहतात. दुसरी लाइन असून उपयोग काय? (औसा तालुका)

उत्तर : तुमची चिडचिड रास्त आहे. पीकविम्याचा अर्ज त्या दिवशी गेला नाही तर शेतकऱ्याचं वर्ष जातं. त्याला तुमच्या पॉलिसीशी देणंघेणं नाही आणि असूही नये.

दोन शक्यता तपासा. पहिली कागदावर तपासायची. औशाहून लातूरकडे जाणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या फायबर एकाच रस्त्याच्या एकाच कडेला, कधीकधी एकाच डक्टमध्ये असतात. बिलं दोन आली तरी खड्डा एकच लागतो. हे कुठल्याही रूट मॅपने सुटत नाही. दोन्ही कंपन्यांना फायबरच्या मार्गाचा नकाशा लेखी मागा. दोघींचा मार्ग लातूरच्याच बाजूने निघाला तर एक लाइन तुळजापूर किंवा उमरग्याच्या बाजूने मिळते का ते विचारा, थोडी महाग पडली तरी. दुसरी लाइन घेताना वेगापेक्षा वाट वेगळी आहे का, याला मी जास्त पैसे देईन.

दुसरी शक्यता राउटरमध्ये आहे. वाटा वेगळ्या असूनही नेट बंद पडत असेल तर बघा, डिफॉल्ट रूट हाताने लिहिलेला स्टॅटिक आहे का. फायबर दहा किलोमीटरवर तुटते, पण तुमच्या राउटरला जोडलेला कंपनीचा स्विच चालूच असतो. पोर्टवरचा दिवा हिरवा राहतो, स्टॅटिक रूट टेबलमध्ये राहतो आणि वाहतूक तुटलेल्या वाटेवर जाऊन मरते. डिफॉल्ट रूट दोन्ही कंपन्यांकडून बीजीपीनेच घ्या, म्हणजे सेशन पडलं की तो आपोआप जाईल. मात्र सेशन पडायलाही वेळ लागतो. सिस्को आणि मायक्रोटिकचा मूळ होल्ड टाइम १८० सेकंद आहे, ज्युनिपरचा ९०. तीन मिनिटं परीक्षेला बसलेल्या मुलासाठी फार झाली. कंपनी तयार असेल तर त्या सेशनवर बीएफडी लावा, तुटलेली वाट त्याला एक-दोन सेकंदांत कळते. नसेल तर दोघांच्या संमतीने होल्ड टाइम ३० सेकंदांवर आणा.

मग ग्राहकांना आधी कळवून एखाद्या पहाटे चाचणी घ्या. आपल्या राउटरमधली केबल उपसून काही कळणार नाही, पोर्ट पडलं की सेशन लगेच पडतंच. कंपनीच्या माणसाला त्यांच्या पलीकडच्या टोकाकडून लाइन तोडायला सांगा आणि एका ग्राहकाच्या घरातून पिंग चालू ठेवून किती सेकंद गेले ते लिहून ठेवा. दुसऱ्या लाइनीचीही तशीच घ्या. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुधा जुलैअखेर असते, त्याआधी.